टाकीचे कव्हर आणि सामानाचे पट्टे

मोटरसायकलची टाकी पेट्रोल साठवते एवढेच सहसा लक्षात राहते. गाडी चालवणाऱ्याचे गुडघे मात्र तिच्यावरच टेकतात आणि जोरात ब्रेक लागला की शरीराचा पुढे येणारा भारही तीच झेलते. कमरेच्या पट्ट्याचे बक्कल, जर्किनची चेन, किल्ल्यांचा जुडगा, पेट्रोल भरताना ओघळलेले थेंब आणि वर्षातले आठ महिने ऊन, हा सगळा मारा त्या हातभर रंगीत पत्र्यावर होतो. गाडीचे नाव आणि पट्टेही तिथेच रंगवलेले असतात, त्यामुळे जुनी गाडी विकायला निघाली की गिऱ्हाइकाची नजर आधी टाकीवर जाते. नवी गाडी घरी आल्यावर आठवड्याच्या आत टाकी आणि सीटला कव्हर चढवण्याची पद्धत यातूनच रुजली. पुण्याच्या नाना पेठेसारख्या किंवा दिल्लीच्या करोल बागेसारख्या बाजारांत प्रत्येक गाडीच्या मापाची शिवलेली कव्हरे टांगलेली दिसतात.

कव्हर कसे बसते हे टाकीच्या ठेवणीवर अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत टाकी चपटी असे आणि सांगाड्याच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये अडकवलेली असे. १९२५च्या आसपास इंग्लंडमधल्या कारखान्यांनी ती वरच्या नळीवर खोगिरासारखी बसवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत हीच रचना सर्वत्र रूढ झाली. आजच्या बहुतेक टाक्यांना खालून जो बोगद्यासारखा खोलगट भाग असतो, तो याच रचनेचा. या बोगद्यातून सांगाड्याची नळी जाते आणि तिच्या सोबतीने वायरिंगची जुडी, अॅक्सिलरेटरची केबल, काही गाड्यांत क्लचची केबल आणि पेट्रोलची नळीही जाते. कव्हरच्या दोऱ्या याच भागातून ओढून बांधायच्या असतात. कव्हरामुळे गाडीत जे दोष उद्भवतात त्यांतले बरेचसे या अंधाऱ्या जागेत जन्म घेतात.

टाकी दिसते तिथे टाकी असतेच असेही नाही. होंडाच्या १९७५च्या गोल्डविंगमध्ये पेट्रोल सीटखाली होते आणि वर दिसणारी टाकी नुसती देखाव्याची होती. त्याच कंपनीच्या एनसी मालिकेत टाकीच्या जागी हेल्मेट मावेल एवढा कप्पा दिलेला आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच नव्या गाड्यांत पत्र्याच्या टाकीला दोन्ही अंगांनी प्लास्टिकचे पंख जोडलेले असतात, काहींत तर संपूर्ण टाकीवर प्लास्टिकचे कवच असते. अशा गाडीला शिवलेले कव्हर घालताना त्याचे हुक अडकवायला पत्र्याची कडाच सापडत नाही. मग ते प्लास्टिकच्या फटीत खुपसले जातात आणि पंखांच्या खुंट्या तुटतात. स्प्लेंडरसारख्या साध्या, निमुळत्या टाकीवर कव्हर जितके चपखल बसते तितके ते पंखवाल्या गाडीवर कधीच बसत नाही. अशा गाडीला पारदर्शक फिल्म किंवा नुसता चिकटपट्टीचा टँक पॅड अधिक शोभतो आणि टिकतो.

शिवलेले कव्हर म्हणजे बाहेरून रेक्झिन, मध्ये पातळ फोम आणि आतून कापड. झाकणापाशी गोल कापलेली जागा असते, तिच्यावर चेनची किंवा चिकटपट्टीची झडप. कडेला शिवणीतून इलॅस्टिकची दोरी ओवलेली असते आणि तिला तीन-चार तारेचे हुक. काही कव्हरांना वर कागदपत्रांसाठी कप्पा असतो. सोय म्हणून तो चांगला, पण पावसात गाडीची कागदे भिजवण्याचे काम तोच सर्वांत आधी करतो.

झाकणावरच्या झडपेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. टाकीतले पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून येते. छिद्रावर फोम घट्ट दाबून बसला किंवा रेक्झिनच्या आतली धूळ त्यात ओल्या गाळासारखी बसली, तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. लक्षण ठरलेले असते. गाडी काही किलोमीटर नीट चालते, मग गळाठते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होते. मेकॅनिक प्लग बदलतो, कार्ब्युरेटर खोलतो, आणि दोष तसाच राहतो. परीक्षा एकच आहे. गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाच्या छिद्रात आहे. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत पेट्रोल पंपाने ओढले जाते आणि टाकीतली वाफ नळीवाटे कोळशाच्या डबीत नेली जाते. तिथे छिद्राऐवजी ती नळी सांभाळावी लागते. कव्हरची दोरी तिच्यावरून करकचून ओढली आणि नळी चेपली गेली, तर टाकीचा श्वास तिथेही कोंडू शकतो.

झाकणाभोवतीच्या खोलगट वाटीत, विशेषतः विमानाच्या धर्तीच्या सपाट झाकणांत, आणखी एक छिद्र असते. वाटीत साचलेले पावसाचे पाणी त्यातून नळीने खाली जमिनीवर जाते. फोमचे सुटलेले कण आणि धूळ यांनी ते बुजले की पाणी वाटीत साचते आणि झाकण उघडताच टाकीत उतरते. पेट्रोलपेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते आणि पत्र्याला आतून गंज चढवते. कव्हर असलेल्या गाडीची ही वाटी महिन्यातून एकदा कापडाने पुसून, छिद्रात बारीक नायलॉनचा धागा फिरवून साफ करावी.

कव्हर चढवण्याआधी गाडी थंड असावी आणि टाकी पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावी. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण कव्हरखाली काय आहे ते दिसणारच नसते. पण रंगावर राहिलेला वाळूचा एक कण कव्हराखाली हजारो वेळा मागेपुढे सरकतो, आणि कव्हर काढल्यावर टाकीवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखा धुरकट डाग मिळतो. धुतल्यानंतर मेणाचे पॉलिश लावून ते सुकू द्यावे. रेक्झिन थंडीत कडक होते, म्हणून कव्हर पंधरा-वीस मिनिटे उन्हात ठेवले की ते नरम पडते आणि ओढाताणीत शिवण उसवत नाही.

चढवण्याचा क्रम पुढून मागे. आधी हँडलकडचा भाग बसवावा, मग झाकणाचे छिद्र नेमके जुळवावे, मग दोन्ही बाजू खाली ओढाव्यात आणि शेवटी मागचा पदर सीटखाली सारावा. बहुतेक गाड्यांत सीट काढल्याशिवाय हा शेवटचा भाग नीट बसत नाही. सीट न काढता पदर बोटांनी कोंबला की महिन्याभरात तो वर येतो आणि मांडीखाली घडी पडते. हुक टाकीच्या खालच्या कडेला, म्हणजे पत्र्याचे दोन भाग जिथे जोडलेले असतात त्या पट्टीला अडकवावेत. तारेच्या उघड्या हुकाने त्या कडेचा रंग उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून हुकावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवावा. पेट्रोल कॉक, प्लगची वायर, कुठलीही केबल किंवा रबरी नळी ही हुकासाठी नाहीत, जवळ आणि सोयीची असली तरीही. कव्हरचा कोणताही लोंबता पदर इंजिनच्या पंखांवर येता कामा नये. हवेने थंड होणाऱ्या इंजिनची हवा त्याने अडते आणि रेक्झिन वितळून पंखांना चिकटते.

बसवून झाल्यावर कराव्या लागणाऱ्या तपासणीला दोन मिनिटे पुरतात. गाडी मुख्य स्टँडवर न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. वळवताना इंजिनचा आवाज आपोआप वाढला, तर अॅक्सिलरेटरची केबल कुठेतरी ताणली जात आहे. अशी गाडी वळणावर स्वतःहून वेग घेते. दोन्ही टोकांना मूठ पिळून सोडून पाहावी, ती लगेच आणि पूर्ण मागे आली पाहिजे. मग झाकण उघडून पाहावे, कॉक रिझर्व्हवर फिरवून पाहावा. रिझर्व्ह लागण्याची वेळ नेमकी वर्दळीच्या रस्त्यावर येते आणि तेव्हा रेक्झिनच्या आत बोटे घालून कॉक शोधणे धोक्याचे असते.

कव्हरने एक गोष्ट हिरावून घेतली जाते, ती म्हणजे गुडघ्यांची पकड. जुन्या बुलेटच्या टाकीला दोन्ही अंगांना खाचांचे रबरी पॅड असत ते शोभेसाठी नव्हते. ब्रेक लागला की शरीर गुडघ्यांनी टाकीला आवळून धरले जाते आणि मनगटांवरचा भार हलका होतो. गुळगुळीत रेक्झिन ओले झाले की ही पकड सुटते. म्हणून कव्हर निवडताना दोन्ही बाजूंना खरखरीत किंवा दाणेदार पट्टा शिवलेले पाहावे. झगझगीत चकाकणारे कव्हर दुकानातच चांगले दिसते.

पावसाळ्यात कव्हर काढून ठेवणे हेच उत्तम. फोम पाणी धरून ठेवतो आणि रेक्झिन ते उडू देत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये टाकी कव्हरखाली आठवडेच्या आठवडे ओली राहते. खालच्या जोडाच्या पट्टीला गंज धरतो आणि तो दिसतो तेव्हा टाकी झिरपू लागलेली असते. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. रेक्झिनवरचा पीव्हीसीचा थर मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्ये घातलेली असतात. उष्णतेने ती पाझरतात आणि कव्हराच्या कडा जिथे रंगाला थेट टेकतात तिथे चिकट, पिवळसर डाग धरतो. पेट्रोल सांडलेला फोम ताबडतोब काढून मोकळ्या हवेत वाळवावा, कारण कापड-फोममध्ये मुरलेले पेट्रोल तासन्‌तास वाफ सोडत राहते आणि खाली तापलेले इंजिन असते. हे सगळे पाहता, पुनर्विक्रीसाठी रंग जपणे एवढाच हेतू असेल तर शिवलेले कव्हर हा खरे तर वाईट सौदा आहे. रोज टाकीवर पिशवी, फाइल किंवा लहान मूल घेऊन जाणाऱ्याला आणि ज्याच्या टाकीचा रंग आधीच गेला आहे त्याला मात्र त्याचा खरा उपयोग होतो.

लांबच्या प्रवासाला निघणारे टाकीवर कव्हराऐवजी टँक बॅग बसवतात. चुंबकाची बॅग लोखंडी टाकीवरच धरते, अॅल्युमिनियम किंवा प्लास्टिकवर नाही. चुंबकाला रस्त्यावरचा लोखंडाचा कीस चिकटतो आणि पुढच्या वेळी तोच टाकी खरवडतो, म्हणून चुंबक प्रत्येक वेळी पुसून ठेवावेत. पट्ट्याची बॅग हँडलच्या मानेभोवती आणि सीटखालून बांधली जाते. तिच्यातले वजन चार-पाच किलोंच्या वर नेऊ नये. पूर्ण वळवलेल्या हँडलला ती लागता कामा नये, आणि हॉर्नचे बटण तिच्या कडेने दाबले जात नाही ना हेही पाहावे.

मागच्या सामानाचा प्रश्न याहून जुना आहे आणि त्याला लोकांनी शोधलेली उत्तरेही पुष्कळ आहेत. गावोगाव सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून कॅरिअरला बांधलेल्या दिसतात. सुतळी, नायलॉनची दोरी, हुकाची इलॅस्टिक दोरी, रबरी जाळी आणि नवारीसारखे विणलेले बक्कलवाले पट्टे हे त्याचे बाकीचे प्रकार. एम-८० आणि लूना यांसारख्या छोट्या दुचाकींवरून दूध, भाजी आणि खताची पोती वाहणाऱ्यांनी या विद्येत जे प्रावीण्य मिळवले ते कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. दूधवाले कॅन बांधत नाहीत, दोन्ही अंगांच्या लोखंडी चौकटीला ते अडकवतात, म्हणजे वजन खाली राहते आणि दोन्हीकडे सारखे पडते. अर्धवट भरलेल्या कॅनमधले दूध मात्र वळणावर हिंदकळते आणि गाडी बाहेर ओढते. पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा कॅन तसे करत नाही.

रबर आणि विणलेला पट्टा यांचे गुणदोष एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. रबर सतत ओढत राहते, त्यामुळे पिशवी दबून लहान झाली तरी ते सैल पडत नाही. पण खड्ड्यात गाडी आपटली आणि सामान उसळले की तेच रबर ताणले जाते आणि सामानाला हलू देते. विणलेला पट्टा हलू देत नाही, पण कपड्यांची पिशवी अर्ध्या तासात दोन बोटे बसली की तो लोंबतो. म्हणून जड सामान विणलेल्या पट्ट्याने बांधावे आणि वाटेत थांबून एकदा आवळावे. रबर किंवा जाळी वरच्या हलक्या वस्तूंसाठी, म्हणजे रेनकोट किंवा चादरीसाठी, ठेवावी. एका टोकाला रबर आणि बाकीचा भाग विणलेला अशा जोडपट्ट्यांत दोन्हींचा मेळ साधलेला असतो. ते महाग असतात, पण ज्याला वर्षातून अनेकदा सामान न्यावे लागते त्याने तेच घ्यावेत.

पट्टा कशाचा आहे यालाही महत्त्व आहे. नायलॉन मजबूत, पण ओले झाले की लांबते. पावसाच्या सरीत घट्ट बांधलेला पट्टा थोड्याच वेळात सैल होतो. पॉलिस्टर कमी लांबते आणि उन्हातही जास्त टिकते, म्हणून सामानाच्या पट्ट्याला तेच योग्य. स्वस्त पट्टे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते उन्हात ठिसूळ होतात आणि सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळतात, तर पॉलिस्टर सुमारे २५५ अंशांपर्यंत टिकते. सायलेन्सरजवळून पट्टा नेताना हा फरक चांगलाच जाणवतो, पण त्या नळीला खुद्द टेकला तर दोन्हींपैकी कुठलाच पट्टा वाचत नाही.

हुकाच्या इलॅस्टिक दोरीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. ताणलेल्या रबरात साठलेली ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट ताणले की ऊर्जा साधारण चौपट. हातातून सुटलेला हुक या ऊर्जेने सरळ ओढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. अशा हुकांनी झालेल्या डोळ्यांच्या गंभीर दुखापती नेत्रवैद्यकात चांगल्याच परिचित आहेत. दोरी मूळ लांबीच्या दीडपटीपर्यंत ताणलेली पुरते. त्याहून जास्त ओढावी लागत असेल तर लांब दोरी घ्यावी. हुक अडकवताना आणि सोडवताना चेहरा दोरीच्या रेषेतून बाजूला ठेवावा आणि हेल्मेटची काच खाली असावी. उघड्या तारेच्या हुकाऐवजी बंद कडीचे टोक असलेली दोरी मिळाली तर ती पत्करावी.

सामान सुटण्याचे कारण बहुतेक वेळा पट्टा नसून तो अडकवलेली जागा असते. चांगल्या जागा म्हणजे पिलियनची कडी, म्हणजे ग्रॅब रेल, लोखंडी कॅरिअर आणि सीटखालचा सांगाडा. इंडिकेटरचे दांडे, नंबर प्लेट, मागचा प्लास्टिकचा भाग आणि साइड पॅनेल ही जागा नव्हे. एक जागा मात्र हमखास फसवते. मागचे चाक धरणारा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, खड्ड्यांबरोबर वरखाली होतो, तर सीट सांगाड्याला पक्की असते. पट्ट्याचे एक टोक सीटकडे आणि दुसरे चिमट्याला बांधले, तर प्रत्येक खड्ड्याला पट्टा सैल होऊन पुन्हा झटका खातो. काही जुन्या १०० सीसी गाड्यांत पिलियनचे पायदान याच चिमट्यावर बसवलेले असते. ते सोयीचे वाटते, आणि म्हणूनच तिथे पट्टा बांधू नये. गाडी एका हाताने दाबून शॉकअब खाली जाऊ द्यावा आणि कुठला भाग चाकाबरोबर हलतो ते पाहावे. न हलणारेच भाग बांधण्यासाठी घ्यावेत.

जागा नसेल तर ती करता येते. सीट काढून सांगाड्याच्या नळीभोवती पट्ट्याचा एक फास घालावा, त्याचे टोक स्वतःच्याच वळ्यातून ओढून घ्यावे आणि सीट परत बसवून वळे बाहेर लोंबते ठेवावे. असे चार वळे, दोन पुढे आणि दोन मागे, एकदा बसवले की कुठल्याही आकाराची पिशवी बांधता येते. चाकणला बनणाऱ्या बजाज डॉमिनार ४००मध्ये असे वळे कारखान्यातूनच सीटखाली दिलेले आढळतात.

पट्ट्याचा कोनही विचारात घ्यावा. पट्टा जितका उभा तितका तो सामानाला खाली दाबतो, आणि सीटवरची पिशवी दाबाखाली असेल तरच तिचे घर्षण तिला सरकण्यापासून रोखते. सीटच्या पातळीशी ३० अंशांचा कोन असेल तर ताणाचा निम्माच भाग खाली लागतो, ६० अंशांना सुमारे ८७ टक्के. पसरट पिशवीवर जवळजवळ आडवा ओढलेला पट्टा हाताला कितीही टणक लागला तरी तो फारसे धरत नाही. उलट जोरदार ब्रेकमध्ये वजनाच्या सात-आठ दशांश एवढा जोर सामानाला पुढे ढकलतो, म्हणजे दहा किलोंची पिशवी चालकाच्या पाठीवर सात-आठ किलोंनी येऊ पाहते. म्हणून कमीत कमी दोन स्वतंत्र पट्टे, एकमेकांना फुलीसारखे छेदणारे, आणि तिसरा पिशवीच्या हँडलमधून ओवलेला असावा. एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. एकच लांब दोरी सगळीकडून फिरवून शेवटी गाठ मारली, तर ती गाठ सुटताच सगळेच सुटते.

उरलेले टोक मोकळे ठेवणे हा सर्वांत धोकादायक निष्काळजीपणा आहे. वाऱ्याने फडफडणारी वीतभर पट्टी चेनमध्ये किंवा मागच्या चाकात ओढली गेली तर चाक जागच्या जागी जाम होते. साडी आणि ओढणीचे अपघात याच प्रकारचे असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण बंधनकारक करतो, ते यासाठीच. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. सामानासाठी ते कापून टाकणे म्हणजे पट्ट्यांसाठीही चाक उघडे करणे. जास्तीचे टोक गुंडाळून पट्ट्याच्याच खाली खोचावे आणि त्यावर रबर बँड किंवा चिकटपट्टी लावावी.

वजन कुठे ठेवायचे हे गणिताने नेमके सांगता येते. साधारण १०० सीसीच्या गाडीत दोन चाकांमधले अंतर सुमारे १.२५ मीटर असते. २० किलोंचे सामान मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे, म्हणजे लांब कॅरिअरच्या टोकाला बांधले, तर पुढच्या चाकावरचे सुमारे ५ किलो कमी होतात आणि मागच्या चाकावर सुमारे २५ किलो वाढतात. तेच सामान आसाच्या २० सेंटिमीटर पुढे, पिलियनच्या सीटवर ठेवले, तर पुढच्या चाकावरही ३ किलोंची भर पडते. पुढचे चाक हलके झाले की वेगात हँडल थरथरते आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते. म्हणून जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे. स्प्लेंडरसारख्या गाडीची भारवहनाची मर्यादा साधारण १३० किलो असते. त्यात चालकही मोजला जातो. ७५ किलोंचा चालक आणि मागे ५५ किलोंची व्यक्ती बसली की ती मर्यादा संपली, सामानाला शून्य उरले. माणूस किंवा सामान, दोन्हींपैकी एक घरी राहायला हवे, हे त्यातून निघते आणि ते सहसा कोणाला आवडत नाही. मागच्या टायरची हवा आणि शॉकअबची पायरी भारानुसार वाढवावी. दोन्हींचे आकडे बहुतेक गाड्यांच्या चेन कव्हरवर किंवा पुस्तिकेत असतात.

मनालीहून लेहला जाणारे बरेच जण ज्यादा पेट्रोल बरोबर घेतात. त्या वाटेवरच्या टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्धच आहे. पेट्रोलचा कॅन रबरी दोरीने कधीही बांधू नये. तो विणलेल्या पट्ट्याने किंवा लोखंडी चौकटीत, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला असावा. पेट्रोल दर १० अंश तापमानवाढीला साधारण एक टक्का फुगते, म्हणून कॅन काठोकाठ भरू नये. उंचावर हवेचा दाबही कमी होतो, म्हणून झाकण सावकाश उघडावे.

निघण्यापूर्वी पिशवी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहावी. हलायला हवी ती गाडी, पिशवी नव्हे. मागचा लाल दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली गेलेली नसावी. बाहेरून गुंडाळलेले प्लास्टिक वाऱ्याने फाटते, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ताशी ८० किलोमीटरला तो ४०च्या चौपट असतो. पावसासाठी जाड प्लास्टिक पिशवीच्या आतच घालावे. पहिले आठ-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळावेत. याच थांब्यावर सामान किती सरकले आणि कुठल्या दिशेने हे कळते, आणि पुढच्या वेळचे बांधणे त्यावरून सुधारते.

पट्टे वर्षानुवर्षे चालत नाहीत. कडेचे धागे निघालेला, उन्हाने पांढुरका पडलेला किंवा बक्कलच्या जागी चकाकी आलेला पट्टा टाकून द्यावा. रबरी दोरीवरचे कापड फाटून आतले धागे दिसू लागले तर तीही. सामान उतरवल्यावर रिकामे पट्टे आणि दोऱ्या कॅरिअरला लटकवून ठेवण्याची सवय मोडावी. सामान नसताना त्यांना ताण नसतो, आणि चेनच्या इतक्या जवळ मोकळे टोक तेव्हाच सर्वांत सहज खाली उतरते.